जोंधळ्याएवढा मावळा : छोट्या फौजांचा मोठा इतिहास

कळंब्यात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांची अपेक्षा साधारण ठरलेली असते. कुणी म्हणतं, पन्हाळ्यावर बोला. कुणी म्हणतं, शाहू महाराजांवर बोला. आज आपण पन्हाळ्यावर बोलणारच आहोत, पण जो पन्हाळा वीसेक किलोमीटरवर डोंगरात उभा आहे त्याच्यावर कमी आणि जो दर दिवाळीत आपल्या दारात उभा राहतो त्याच्यावर जास्त. दगड, विटा, पोतं आणि चिखल यांचा तो किल्ला, आणि त्यावरची बोटभर उंचीची फौज.

जगभर याला मोठा छंद मानतात. सैनिकांचे, तोफांचे, रणगाड्यांचे ठरावीक प्रमाणातले नमुने जोडायचे, रंगवायचे, त्यांची रणभूमी उभी करायची. त्याची दुकानं आहेत, मासिकं आहेत, स्पर्धा आहेत. आपल्याकडे मात्र या गोष्टीला छंद म्हणायची पद्धत नाही. आपण म्हणतो, ‘पोरं किल्ला करतायत.’ म्हणजे पोरखेळ. आमचं आजचं म्हणणं असं, की हा पोरखेळ नाही. निदान नुसता पोरखेळ नाही. छोटी प्रतिकृती करणं ही इतिहास तपासून बघायची एक रीत आहे, आणि आपल्याकडे ती घरोघरी आहे. ती आपण नीट वापरतो का, एवढाच प्रश्न आहे.

आधी मापाचा हिशोब करू. पापाची तिकटी किंवा गंगावेशीत दिवाळीच्या आधी मावळे विकायला बसतात. त्यातला एक सर्वसाधारण मावळा घ्या, चार इंच उंच. खरा माणूस साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच धरला तर हे प्रमाण साधारण १ : १६ किंवा १ : १७ होतं. आता पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. मावळ्याच्या मापानं पन्हाळा करायचा म्हटलं तर तो किती उंच होईल? २४ मीटर. म्हणजे आठ मजली इमारत! कळंब्यात आता तेवढ्या इमारती उभ्या राहतायत म्हणा, पण दारात किल्ला म्हणून ती काही कुणी उभारणार नाही.

उलट हिशोब करून बघू. दारात जास्तीत जास्त केवढा किल्ला होतो? चार फूट उंच, फार तर. चार फुटांत ४०० मीटर बसवायचे तर प्रमाण होतं साधारण १ : ३३३. या मापात मावळा केवढा? पाच मिलिमीटर. म्हणजे जोंधळ्याचा दाणा. त्याला डोळे काढा, मिशा काढा, पागोट्याला रंग द्या म्हटलं तर कुणाला जमेल? आणि याच मापात विशाळगडही दाखवायचा असेल तर? पन्हाळ्याहून वाटेनं पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे दारातल्या पन्हाळ्यापासून दीडशे ते पावणेदोनशे मीटरवर विशाळगड करावा लागेल. पाच-सहा घरं ओलांडून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. आणि मधल्या प्रत्येक घराच्या दारातून वाट काढावी लागेल, ओढे दाखवावे लागतील, चिखल दाखवावा लागेल.

हा हिशोब आम्ही एवढ्यासाठी केला, की ‘पन्हाळ्याहून विशाळगडला निघाले’ हे वाक्य आपण किती सहज वाचतो ते कळावं. पुस्तकात ते एका ओळीत संपतं. मातीत करायला घेतलं की गल्ली पुरत नाही.

आता थोडं बाहेर जाऊ. शिवछत्रपतींच्याच काळात, म्हणजे १६६८ पासून, फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या युद्धमंत्र्यानं, लुव्वा त्याचं नाव, सरहद्दीवरच्या तटबंदी शहरांच्या प्रतिकृती करून घ्यायला सुरुवात केली. प्रमाण ठरवलं १ : ६००. लाकूड, कागद, रेशीम, वाळू अशा साहित्यातून एकेक शहर, त्याची तटबंदी, भोवतालची शेतं. राजानं पॅरिसमध्ये बसून बघायचं की अमुक गावाला वेढा पडला तर शत्रूची तोफ कुठे बसेल, आपली कुमक कुठून जाईल. हे खेळणं नव्हतं, लष्करी गुपित होतं. त्यातल्या कित्येक प्रतिकृती आजही पॅरिसला बघायला मिळतात. पुरंदरचा तह १६६५ चा, राज्याभिषेक १६७४ चा. मधल्या काळात तिकडे हे चाललं होतं.

पुढे खेळणी आली. जर्मनीत न्युरेंबर्ग शहरात कथलाचे चपटे सैनिक ओतायचा धंदा १९ व्या शतकात भरभराटीला आला. हाइनरिक्सेन नावाच्या कारखान्यानं ३० मिलिमीटर उंचीचं माप रूढ केलं. मग १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांनी शिशाचे सैनिक आतून पोकळ ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागलं, किंमत उतरली, सैनिक घरोघरी गेले. त्यांचं माप ५४ मिलिमीटर. आजही बरेच छंदी लोक त्याच मापात रंगवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे संच आले. एअरफिक्सच्या विमानांचं १ : ७२ हे माप कुठून आलं? एक इंच म्हणजे सहा फूट, एवढा सोपा हिशोब. आणि रणगाड्यांचं १ : ३५ हे माप? जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा मोटर लावलेला नमुना काढला, तेव्हा आत बॅटऱ्या मावतील एवढा तो करावा लागला. ते माप निघालं १ : ३५, आणि साऱ्या जगानं तेच उचललं. बघा, प्रमाण म्हणजे काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. कुणाच्या हिशोबाला इंच सोपे पडले, कुणाला बॅटरीची पेटी बसवायची होती, आणि आपल्याकडे कुंभाराच्या साच्यातनं चार इंचांचा मावळा निघतो.

पण या सगळ्यात आम्हाला महत्त्वाची वाटते ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट. विल्यम सायबोर्न त्याचं नाव. वॉटर्लूची लढाई १८१५ ची. तिची मोठी प्रतिकृती करायचं काम १८३० मध्ये त्याच्याकडे आलं. गड्यानं काय करावं? रणभूमीवर जाऊन कित्येक महिने राहिला आणि शेतन् शेत मोजलं. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. तुमची पलटण संध्याकाळी सातच्या सुमारास नेमकी कुठे होती? समोर कोण होतं? जमिनीवर पीक कुठलं होतं? नऊ फुटांना एक मैल असं जमिनीचं प्रमाण, आणि त्यावर सत्तर हजारांहून जास्त चिमुकले सैनिक. सैनिक अर्थातच जमिनीच्या मापापेक्षा मोठे, कारण जोंधळ्याची अडचण त्यालाही होतीच.

आणि मग भांडण लागलं. कशावरून? प्रशियाची फौज कुठे दाखवायची यावरून. ती सातच्या सुमारास रणांगणात बरीच पुढे आलेली दाखवली, तर विजयातला वाटा त्यांनाही द्यावा लागतो. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ते मान्य नव्हतं. सरकारी पैसा आधीच थांबला होता, सायबोर्न कर्जात बुडाला होता. १८३८ मध्ये लंडनला प्रतिकृती मांडली गेली, पण पुढे प्रशियाचे हजारो सैनिक त्याला त्यातून काढावे लागले. ती प्रतिकृती आज लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

पुस्तकात ‘प्रशियाची फौज दुपारनंतर येऊ लागली’ असं गुळमुळीत वाक्य लिहिता येतं. त्यावरून कुणी भांडत नाही. प्रतिकृतीत मात्र सैनिक हातात धरून कुठेतरी ठेवावाच लागतो. इथे, नाहीतर तिथे. ठेवला की तुमचं मत उघडं पडलं.

आता पुन्हा आपल्या दारात येऊ. दारातला किल्ला आज ज्या रूपात आहे, माथ्यावर महाराज आणि उतारावर फौज, त्याच्यामागे शिवस्मरणाचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. महात्मा फुल्यांचा पोवाडा १८६९ चा. रायगडावरचा शिवजयंतीचा उत्सव टिळकांनी १८९६ मध्ये केला. न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक १९०० चं. पुण्यात नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. घोड्यावरचे महाराज म्हटलं की जी ठेवण डोळ्यासमोर येते, ती घडवण्यात अशा पुतळ्यांचा मोठा हात आहे. आणि आपल्या कोल्हापूरचं नाव यात कसं विसरायचं? बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. नाटकासारखे रंगवलेले पडदे टांगण्याऐवजी त्यांनी घडीव देखावे उभे केले, रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. व्ही. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. म्हणजे गड कसा दिसावा, मावळा कसा दिसावा, हे ठरवण्याचं काम कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी रंग आणि लाकूड हातात घेऊन झालेलं आहे.

मुळात छोट्या मूर्तींचं या गावाला नवल नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ज्या वस्तू सापडल्या, त्यात समुद्रदेव पोसायडनची ती प्रसिद्ध रोमन मूर्ती होती, टाऊन हॉल संग्रहालयात आहे ती, आणि स्वार बसलेला एक छोटा ब्राँझचा हत्तीही होता. माणूस मूठभर आकारात करून बघण्याची हौस दोन हजार वर्षांची आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता मावळा तयार कसा होतो ते बघू, कारण त्यातच आमचा पुढचा मुद्दा आहे. चिकणमाती मळायची. दोन अर्धे साचे, पुढचा आणि पाठीचा. दोन्हींत माती दाबायची, जोडायची, सांधा बोटानं पुसायचा. सुकला की आधी सगळीकडे पांढरा हात. मग अंगरखा, मग पागोटं, मग ढाल-तलवार, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीचा हात वेगळा लागतो, गणपतीच्या कारखान्यातसुद्धा ती जाणत्या माणसाकडेच असते. परदेशी संच रंगवणारे लोक थोडं वेगळं करतात. ते रंग देऊन झाल्यावर पातळ गडद रंग घडीघडीत मुरवतात आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यावर फिका रंग फिरवतात. त्यानं सावली-उजेड दिसतो. आपल्या मुलांनीही हे चार इंची मावळ्यावर करून बघावं. एक रुपया जास्त लागत नाही, आणि मावळा एकदम जिवंत होतो.

पण साचा एकच. त्यामुळे फौजेतला प्रत्येक माणूस एकाच तोंडवळ्याचा. तीच मिशी, तोच अंगरखा, तेच वय. आणि इथे इतिहासाला खरी अडचण आहे.

सभासदाची बखर १६९७ ची, जिंजीला लिहिलेली. घोडदळाची रचना सांगताना सभासद काय सांगतो? पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार. आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. किल्ल्याच्या कारभारात हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळ्या जातींचे अधिकारी ठेवलेले, की एकाच्या हाती गड जाऊ नये. गडाच्या घेऱ्यात, पायथ्याच्या झाडीत पहाऱ्याला रामोशी, महार, बेरड अशी माणसं. आता सांगा, तुमच्या-आमच्या दारातल्या किल्ल्यावर पखालजी कुठे आहे? नालबंद कुठे आहे? घेऱ्यातला पहारेकरी कुठे आहे? शिवा काशीद नाभिक समाजाचा. त्याच्या नावानं पन्हाळ्यावर आज पुतळा आहे, पण बाजारात त्याची चार इंची मूर्ती मागून बघा.

पेठेत गवळण मिळते, शेतकरी मिळतो, विहिरीवरची बाई मिळते. ती खालच्या ‘गावात’ ठेवतात. म्हणजे लढणारे वर आणि राबणारे खाली, अशी एक वाटणी आपण न बोलता करून टाकतो. खऱ्या गडावर ही वाटणी नव्हती. जो पाणी वाहत होता तोही गडावरच होता, आणि वेढा पडला की त्याचं मोल तलवारवाल्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं. आम्हाला वाटतं, या छंदातली खरी जोखीम इथे आहे. ज्याचा साचा नाही, त्याला आपण इतिहासातून वगळतो. मुद्दाम नाही करत, पण वगळतो. आणि मूल आठ-दहा दिवाळ्या तोच किल्ला करतं तेव्हा त्याच्या मनात स्वराज्य म्हणजे एकाच चेहऱ्याची माणसं, हे पक्कं बसून जातं.

यावर उपाय फार अवघड नाही. साचा नसेल तर हातानं करायचा. मुलांना माती वळता येते. पाठीवर पखाल घेतलेला माणूस हातानं केला तर ओबडधोबड होईल, पण तो वेगळा उठून दिसेल, आणि बघायला आलेला माणूस विचारेल, ‘हा कोण रे?’ तेव्हा करणाऱ्या पोराला सांगावं लागेल. झालं की व्याख्यान!

आता दुसरा मुद्दा, जागेचा. आणि त्यासाठी आपल्याकडे कोल्हापूरचंच पुस्तक आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते सिद्ध झालं. अमात्य म्हणजे बावड्याचे, शिवछत्रपतींपासून पुढच्या पिढ्यांचा राज्यकारभार स्वतः पाहिलेला माणूस. त्यात दुर्गांवर एक सबंध प्रकरण आहे. त्यात काय सांगितलंय ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. गड बांधायचा तर आधी पाणी बघा. झरा असला तरी एकट्या झऱ्यावर विसंबू नका, तोफांच्या हादऱ्यानं झरा आटू शकतो, टाकी खोदा. दरवाजा असा ठेवा की समोरून थेट मारा होणार नाही. चोरवाटा ठेवा. झाडी राखा. दारूखाना वस्तीपासून लांब ठेवा. आणि गडाच्या जवळ, गडावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर असेल, तर तोही बांधून ताब्यात घ्या, नाहीतर त्याची अडचण सुरुंगानं दूर करा.

मंडळी, हे प्रकरण म्हणजे दारातल्या किल्ल्याची परीक्षा घ्यायची प्रश्नपत्रिकाच आहे. मुलांनी किल्ला केला की एकेक कलम लावून बघायचं. सलाईनच्या नळीचं कारंजं असतं, ते छानच असतं, पण पाण्याचं टाकं कुठंय? पायऱ्या सरळ दरवाजात जातात का? मग शत्रूही सरळ येईल की!

त्यातला तो शेजारच्या डोंगराचा मुद्दा तर पन्हाळ्यावर तंतोतंत लागू होतो. क्रम लक्षात घ्या. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तो जुलैपर्यंत, चार महिन्यांहून जास्त. या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन लांब पल्ल्याची तोफ घेऊन आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर गोळे टाकले. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली, त्यामागे ही खुन्नस होती. आणि पुढे मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ गड्यांनिशी पन्हाळा परत घेतला, त्यानंतर शेजारच्या डोंगरावर पावनगड बांधला गेला. लगतचा डोंगर मोकळा ठेवायचा नाही, हा धडा त्यात सरळ दिसतो.

म्हणजे तुम्ही १६६० च्या वेढ्याचा देखावा करणार असाल, तर शेजारच्या डोंगरावर पावनगडाची तटबंदी दाखवायची नाही. तो डोंगर तेव्हा बिनतटाचा होता. उलट, आज पन्हाळ्यावर गेलात तर चार दरवाजा उभा दिसणार नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. तो मात्र १६६० च्या देखाव्यात हवा. म्हणजे आज दिसतं त्यातलं काही काढायचं आणि आज दिसत नाही ते काही घालायचं. हे करायला लागलं की मूल वाचायला लागतं. सहलीला गेलं की तटाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतं. माथ्याचा तांबडा जांभा दगड कुठे संपतो आणि खालचा काळा दगड कुठे सुरू होतो हे त्याला बघावं लागतं, कारण तिथे रंग बदलायचा असतो.

आता वेळेचा प्रश्न. सायबोर्ननं संध्याकाळचे सात ठरवले होते. आपल्या किल्ल्यावर किती वाजलेले असतात? माथ्यावर महाराज सिंहासनावर, म्हणजे १६७४. खिंडीत बाजीप्रभू, म्हणजे १६६०. गुहेत वाघ, तो कायमचाच. आणि एका कोपऱ्यात हिरव्या प्लॅस्टिकचे बंदूकधारी जवान, कधीकधी एखादं हेलिकॉप्टर. जाणकार लोक यावर हसतात. आम्ही हसत नाही. पोरानं आपल्याला माहीत असलेली सगळी फौज महाराजांच्या दिमतीला दिलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धघोषणा आजही शिवछत्रपतींच्या नावाची आहे, मग पोराचं फार चुकलं असं कसं म्हणायचं? हा स्मरणाचा किल्ला आहे. त्याला एक तारीख नसते.

पण त्याच्या शेजारी एक प्रमाणाचा देखावाही असावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. लहानसा, दोन बाय दोनच्या फळीवर. एक तारीख, एक वेळ. समजा, १२ जुलै १६६०, रात्र, पन्हाळ्याचा उतार. आषाढ आहे, पाऊस आहे. मग मावळ्याच्या अंगावर नुसता अंगरखा कसा चालेल? घोंगडी असणार. पायाखालचा चिखल चकाकायला हवा, म्हणजे त्यावर व्हार्निशचा हात हवा. तोड्याच्या बंदुकीची वात भिजलेली असणार, म्हणजे बंदुकीचा भरवसा नाही. दोन पालख्या हव्यात. एकीत महाराज, दुसरीत शिवा काशीद. आणि पालखी उचलणारे भोई हवेत, त्यांचेही चेहरे रंगवायला हवेत. परंपरेनं सांगतात की बरोबर सहाशे माणूस होतं आणि त्यातले तीनशे खिंडीत थांबले. पंधरा-वीस मूर्ती रंगवता रंगवता मनगट दुखायला लागतं, तेव्हा तीनशे हा आकडा कळायला लागतो. प्रत्येकाला डोळे काढावे लागतात ना!

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ मध्ये खेळण्यातल्या लढायांवर एक पुस्तक लिहिलं, ‘लिटल वॉर्स’. त्याचं म्हणणं असं, की छोटी लढाई खेळून बघितली की मोठी लढाई किती महाग आणि किती गोंधळाची असेल ते कळतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. काही लोक म्हणतात की असल्या छंदानं मुलांना युद्धाची चटक लागते. नुसती तलवार फिरवत फिरले तर लागेलही. पण एकेक चेहरा रंगवणाऱ्याला माणसं मोजायची सवय लागते, आणि मोजणारा माणूस युद्धाबद्दल सैल बोलत नाही, असं आमचं मत आहे.

ज्यांना प्लॅस्टिकच्या संचांची आवड आहे त्यांनाही हेच लागू. आपल्या अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं, देशोदेशीचे रणगाडे तिथे मांडलेत. अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा अधिकारी, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पडला, मरणोत्तर परमवीरचक्र. त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. १ : ३५ चा सेंच्युरियन रंगवताना त्यावर ते नाव बारीक अक्षरांत लिहायचं, तेव्हा हात आपोआप जपून चालतो.

शेवटचा मुद्दा, आणि तो कळंब्याचा आहे. कळंबा पूर्वी गाव होतं, आता कोल्हापूरचं उपनगर झालंय. पूर्वी प्रत्येक घराला अंगण होतं, कडेला मातीचा ढीग असायचा, तलावाकडून माती आणायला कुणाला विचारावं लागत नसे. आता अंगणाच्या जागी पार्किंग आहे आणि पार्किंगमध्ये फरशी. त्यामुळे प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले येतात. बुरूज, दरवाजा, पायऱ्या सगळं रंगवून तयार. आणायचा, ठेवायचा, वर महाराज बसवायचे. पाच मिनिटांत काम. आम्ही त्याला नावं ठेवत नाही, ज्याला जागा नाही त्यानं काय करावं? पण तयार किल्ल्यात एक गोष्ट होत नाही. तो कोसळत नाही. पोत्यावरचा चिखल एकदा तरी घसरतो, आणि घसरला की पोराला कळतं की उतार किती तिरका चालतो आणि गडाला दगडी पायथा का लागतो. तयार किल्ला हे शिकवत नाही. अळीव पेरून तिसऱ्या दिवशी हिरवं येतं, तेव्हा झाडी राखायला पाणी लागतं हेही कळतं. तयार किल्ल्यावर हिरवा रंग आधीच दिलेला असतो.

म्हणून आमची सूचना अशी, की सोसायट्यांनी दिवाळीत एक कोपरा द्यावा. सगळ्या मजल्यांवरच्या मुलांनी मिळून एकच किल्ला करावा. तालीम मंडळं मोठे किल्ले करतातच, त्यांनी स्पर्धेत उंचीला आणि रोषणाईला गुण द्यावेत, पण पाण्याच्या टाक्यालाही द्यावेत आणि साच्याबाहेरच्या एका माणसालाही द्यावेत. ज्या गावच्या तलावानं संस्थानकाळापासून कोल्हापूरला पाणी पाजलं, त्या गावानं किल्ल्यात पाणी कुठंय हे विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आपला पन्हाळा आहे. त्याची काळजी सरकार घेईल, पुरातत्त्व खातं घेईल, आपणही घेऊ. दारातल्या किल्ल्याला असला कुठला मान मिळणार नाही. तो तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, नाहीतर शेवटच्या दिवशी सुतळी बाँब लावून पोरंच तो उडवतात, म्हणजे वेढाही तेच घालतात. मावळे मात्र धुऊन-पुसून खोक्यात जातात. एखाद्याचा हात तुटलेला असतो. तो टाकून देऊ नका. पुढच्या वर्षी त्याला पट्टी बांधा, पांढऱ्या रंगाची, आणि गडावर एका बाजूला सावलीत बसवा. वेढ्यात जखमी माणसं असतात, आणि त्यांना पाणी देणारा माणूस लागतो. तो करायला घ्या.